जाडी ठरवणारी घरं

कॉलेजात नळीची जाडी काढायला शिकवतात ती पीटर बार्लोच्या सूत्राने. आतला दाब गुणिले व्यास, भागिले पोलादाच्या ताकदीची दुप्पट, की झालं. एकोणिसाव्या शतकातल्या या इंग्रज गणितज्ञाचा हिशेब इतका सरळ आहे की परीक्षेत तो आला तर पोरं खूश होतात. दाब वाढला की जाडी वाढते, पोलाद भारी घेतलं की कमी होते. त्यात माणूस कुठेही येत नाही.

मी ज्या सल्लागार कंपनीत कामाला लागले तिथे नव्या इंजिनिअरांना वेगवेगळ्या विभागांतून फिरवून आणायची पद्धत होती. प्रोसेस झालं, पायपिंग झालं आणि मग नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनचं डिझाइन करणाऱ्या विभागात बदली झाली. तिथे बार्लो पुन्हा भेटला, पण त्याच्या सूत्राला मागून तीन अक्षरं जोडलेली होती : एफ, ई आणि टी. ई नळीच्या शिवणीसाठी, टी तापमानासाठी. जमिनीखालच्या चांगल्या नळीला या दोन्हींची किंमत एक धरतात, म्हणजे असून नसल्यासारखी. खरी मेख एफमध्ये. हा एफ पोलादाच्या कारखान्यात ठरत नाही, प्रयोगशाळेतही नाही. नळीच्या आजूबाजूला किती घरं आहेत यावर तो ठरतो.

आकडे मांडून बघितल्याशिवाय याचं नवल कळत नाही. ३० इंची नळी, एक्स-७० दर्जाचं पोलाद, आत ९८ बारचा दाब. माळरानात एफ ०.७२ धरायचा, जाडी येते १०.७ मिलिमीटर. तुरळक वस्तीत एफ ०.६०, जाडी १२.८. गावठाणाला खेटून ०.५०, म्हणजे १५.४. आणि बहुमजली इमारतींच्या दाटीत ०.४०, म्हणजे १९.२ मिलिमीटर. पोलाद तेच, दाब तोच, व्यास तोच. माळरानातून गावाकडे वळलं की किलोमीटरमागे जवळजवळ ८५ टन पोलाद जास्त लागतं, ते फक्त शेजाऱ्यांपायी. 

या जादा जाडीमागे दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या जरा विरुद्ध आहेत, हे मला तिथे हळूहळू उमगलं. एक तर उघड आहे : जवळ माणसं जास्त, तर नळी फुटली तेव्हा जीव जास्त जाणार. दुसरं असं की जिथे माणसं जास्त तिथे खोदकाम जास्त. कुणी बोअर घेणार, कुणी पाण्याची लाइन टाकणार, कुणी पाया खणणार, आणि जेसीबीच्या बकेटला खालची नळी दिसत नाही. जाड नळी त्या बकेटचा दात सोसते. म्हणजे एफच्या एकाच आकड्यात माणूस दोनदा धरला आहे, एकदा ज्याला वाचवायचं तो म्हणून आणि एकदा ज्याच्यापासून वाचवायचं तो म्हणून. एखाद्या सूत्राने समाजाकडे इतक्या निर्विकारपणे बघितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

घरं मोजायची रीत अमेरिकन संहितेतून आली आहे आणि आपल्याकडचे नियमही थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात. नळीच्या मध्यरेषेपासून दोन्ही अंगांना दोनशे मीटर आणि लांबीला एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर, असा पट्टा नकाशावर धरायचा. त्यात माणसांच्या वावरासाठी असलेली बांधकामं मोजायची. दहापर्यंत असली तर पहिला वर्ग, ४५ पर्यंत दुसरा, ४६ झाली की तिसरा. फ्लॅटची इमारत असेल तर प्रत्येक फ्लॅट वेगळं घर. मग पट्टा पुढे सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. नळी शेकडो किलोमीटरची असली की हे काम कुणाच्या वाट्याला येणार? नव्या पोरापोरींच्याच. उपग्रहाच्या छायाचित्रावर छपरं शोधायची, सर्व्हेवाल्यांच्या टिपणांशी ताडून बघायची, शंका आली की जागेवर जाऊन यायचं.

शंका येतातच. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती पट्ट्यात छायाचित्रावर जे छप्पर दिसतं ते घर, गोठा, कांद्याची चाळ, पंपाची खोली यांपैकी काहीही असू शकतं. गोठा मोजायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात गोठ्यापुढच्या बाजेवर म्हातारा झोपतो आणि पंपाच्या खोलीत सालगडी बायकापोरांसह राहतो. मी संहितेत घराची नेमकी व्याख्या धुंडाळत बसले, तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले, “अगं, पुस्तकात काय शोधतेस? तिथे रात्री कोण झोपतं ते विचारून ये.” त्या विभागात मी जे शिकले त्यातलं निम्मं या एका वाक्यात आलं.

त्या कसोटीची खरी परीक्षा झाली ती कोप्यांपाशी. एका साखर कारखान्याच्या परिसरातून आखणी जात होती. छायाचित्र पावसाळ्यानंतर लगेच घेतलेलं, त्यामुळे नळीपासून दीडशे मीटरवर नुसतं मोकळं रान दिसत होतं. मी तो तुकडा पहिल्या वर्गात टाकला होता, कारण तिथे मोजण्यासारखं काही नव्हतंच. जागेवर गेलो तेव्हा गळीत हंगाम सुरू होऊन गेला होता आणि त्या रानात बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या. बांबू वाकवून केलेल्या, पाचट आणि ताडपत्रीने शाकारलेल्या कोप्यांच्या रांगा. आत वाकूनच शिरावं लागतं. दारात तीन दगडांची चूल, चुलीवर भगुलं, शेजारी बैलांना टाकलेलं वाढं. एका कोपीत जास्तीत जास्त एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांची पोरं. हंगाम संपला की हे सगळं उठून जातं आणि पुढच्या चित्रात पुन्हा मोकळं रान.

मग ही घरं की नाहीत? जोता नाही, ग्रामपंचायतीकडे नोंद नाही, घरपट्टी नाही. अमेरिकेच्या संघीय नियमात अशा अडचणीसाठी एक वेगळी कसोटी आहे. नळीपासून शंभर यार्डांच्या आत एखाद्या मोकळ्या जागी वीस किंवा जास्त माणसं आठवड्यातले पाच दिवस, वर्षातले दहा आठवडे असतील, तर तो तुकडा तिसऱ्या वर्गात धरा. दिवस आणि आठवडे सलग नसले तरी चालतील. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्रीडांगणं आणि सहलीच्या जागा असणार. पण ऊसतोडीचा तळ वीस माणसांत आणि दहा आठवड्यांत आरामात बसतो. अंतराच्या अटीत मात्र आमचा तळ बसत नव्हता. पन्नासएक मीटरने बाहेर राहत होता. विभागप्रमुखांनी अंतर बाजूला ठेवलं आणि कोपीगणिक घर मोजायला लावलं. ग्राहक कंपनीच्या लोकांनी बैठकीत भुवया उंचावल्या, कारण त्यांना पोलादाचे टन दिसत होते. तुकडा वरच्या वर्गात गेला, तरी शेऱ्याच्या रकान्यात ‘हंगामी वस्ती’ असे दोनच शब्द लिहून घेतले गेले.

त्याच आठवड्यात मला उलटं उदाहरणही सुचलं आणि ते बरेच दिवस डोक्यातून गेलं नाही. पालखीच्या वाटेवर बेलवाडीला किंवा चांदोबाच्या लिंबाला रिंगण होतं तेव्हा एका जागी आणि भोवतालच्या शेतांत जितकी माणसं उभी असतात तितकी कुठल्याही तिसऱ्या वर्गाच्या गावठाणात नसतात. पण ती काही तासांसाठी आणि वर्षातून एकदा. नियम त्यांना मोजत नाही. पहिल्यांदा मला हा नियमाचा कोडगेपणा वाटला. मग लक्षात आलं की नियम माणसं मोजतच नाही, माणसं गुणिले वेळ असं काहीतरी मोजतो. कोप्यांमधली शंभर माणसं पाच महिने धोक्याच्या सावलीत असतात. रिंगणातली लाख माणसं अर्धा दिवस. आणि वर्षातल्या त्या एका दिवसाची काळजी पोलादात घालायचं कारणही नाही, ती दिनदर्शिकेत घालता येते. त्या दिवशी त्या तुकड्यात दुरुस्तीचं खोदकाम ठेवायचं नाही, गस्त वाढवायची, दाब जरा उतरवायचा. डिझाइनच्या माणसाला सगळी सावधगिरी नळीच्या भिंतीतच कोंबायची सवय असते. काही सावधगिरी चालवणाऱ्यांच्या हाती सोपवावी लागते, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो. नवख्या इंजिनिअरला हे दुसरं जास्त जड जातं.

प्रोसेस विभागात वायूच्या प्रवाहाचं गणित केलं होतं. १९१२ मध्ये टॉमस वेमथने मांडलेलं समीकरण आजही शिकवतात. व्यास दुप्पट केला तर त्याच दाबांत सहापटींहून जास्त वायू वाहतो. आणि दाब उतरतो तो सारख्या गतीने नाही, वायू पुढे जाताना फुगत जातो, वेग धरतो आणि शेवटच्या टप्प्यात दाब झपाट्याने पडतो. सुंदर गणित आहे. ते आज खरं आहे आणि चाळीस वर्षांनीही खरंच राहील. बार्लोही तसाच. पण एफ तसा नाही. जमिनीत नळी पुरल्यावर सूत्रातली बाकीची अक्षरं जागेवर राहतात आणि एफ मात्र वर, उन्हात, बदलत राहतो.

हे मला एका बांधावर समजलं. जमिनीचा विद्युत रोध मोजायला आम्ही गेलो होतो. चार लोखंडी सळया एका ओळीत सारख्या अंतरावर ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमधला विद्युतदाब वाचायचा. फ्रँक वेनरची ही रीत १९१५ ची आहे. काळ्या रानात आकडा खाली येतो, म्हणजे लोखंड लवकर गंजणार. मुरमाड माळावर तो वर चढतो. मदतनीस सळया ठोकत होता आणि शेतमालक आमच्याकडे बघत बांधावर बसला होता. गट नंबर त्याला माहीत होता, नोटीस आली होती, तलाठ्याकडे जाऊन आला होता. त्याने मला विचारलं, “ताई, आता हितं काय न्हाई हे खरं. पण धाकट्याचं लगीन झालं की खोली काढायची हाय. तवा काय करायचं?”

१९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याखाली सरकार जमीन घेत नाही, जमिनीच्या वापराचा हक्क घेते. अधिसूचना राजपत्रात येते, २१ दिवसांत हरकत घेता येते. हक्क गेला की सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, नोंद चढते. जमीन मालकाचीच राहते, पीक घेता येतं, पण त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं करायचं नाही आणि झाड लावायचं नाही. या बंधनाबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मिळतात, पिकाची नुकसानभरपाई वेगळी. मी हे जमेल तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे जमीन आमची आन् मर्जी तुमची.”

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते देतानाच मला घोळ कळला. मी म्हणाले, दादा, पट्टा सोडून पलीकडे खोली काढा, कुणी अडवणार नाही. हे खरंच आहे. कायद्याचा पट्टा फार तर दोन आकडी मीटरांचा. पण सूत्राचा पट्टा दोन्ही बाजू मिळून चारशे मीटरांचा. कायद्याच्या पट्ट्याबाहेर आणि सूत्राच्या पट्ट्याच्या आत जी जागा उरते तिथे प्रत्येकाला घर बांधायचा पूर्ण हक्क आहे आणि तिथे बांधलेलं प्रत्येक घर आमचा एफ खाली ओढतं. धाकट्याची खोली झाली, मग शेजाऱ्याने गुंठेवारीत प्लॉट पाडले, मग कुणी मंगल कार्यालय काढलं. कुणाचंही काही चुकलेलं नाही. आणि १०.७ मिलिमीटरची नळी खाली तशीच पडलेली आहे.

संहितेत यावरही कलम आहे. वर्ग बदलला तर अभ्यास करा, जुन्या चाचण्यांचे कागद काढा, दाब उतरवा नाहीतर तेवढा तुकडा काढून जाड नळी घाला. चालू लाइनमध्ये तुकडा बदलणं म्हणजे काय ते ज्याने बघितलं आहे तो पुढच्या डिझाइनला शहाणा होतो. म्हणून आमच्या विभागात छपरं मोजून झाल्यावर दुसरी फेरी असायची, न झालेल्या घरांची. विकास आराखडे, प्रस्तावित वळणरस्ते, एमआयडीसीची विस्तारित हद्द. हिंजवडी आणि चाकणच्या रानाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. समृद्धी महामार्गाच्या कडेने वायूची लाइन गेली तेव्हा मला त्या दुसऱ्या फेरीची आठवण झाली, कारण त्या महामार्गाच्या आराखड्यात ठरावीक अंतरांवर नवनगरं वसवायची कल्पनाच लिहिलेली आहे. तिथे उद्याचं घर अंदाजाने शोधावं लागत नाही. सरकारनेच आधी काढून ठेवलेलं असतं.

वर घरं वाढत असताना खाली नळी झिजू नये, ही दुसरी बाजू. यावरचा उपाय जुना आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं गंजायचं थांबलं. पण गंजताना सुटणारं तांबं हेच शिंपल्यांवरचं विष होतं, ते सुटेनासं झालं आणि जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळ इतकं चिकटलं की जहाजं मंदावली. आरमाराने उपाय सोडून दिला. पाइपलाइनवाल्यांनी शंभरएक वर्षांनी तो उचलला आणि आता जमिनीत वीजप्रवाह सोडून कोटिंगखालची नळी तांबे-मोरचूदाच्या संदर्भ-काडीशी तुलना करता उणे ८५० मिलिव्होल्टच्या खाली ठेवतात. डेव्हीच्या गोष्टीतली अडचण मात्र दुसऱ्या रूपात शिल्लक आहे. आपली नळी वाचवायला जमिनीत सोडलेला प्रवाह वाटेत शेजारच्या उपसा सिंचनाच्या लोखंडी नळीत शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे तिला खातो. गंज नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या दारात जातो. दोन्ही मालकांनी एकत्र बसून जोडणी केली तरच हे मिटतं, आणि आपल्याकडे दोन खाती एकत्र बसवणं ही कुठल्याही धातुशास्त्रापेक्षा अवघड गोष्ट आहे.

आतून लागणारा गंज वेगळा. वायू पुरता कोरडा नसेल तर पाणी खोलगट भागात साचतं. २७ जून २०१४ ला आंध्र प्रदेशात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात १८ इंची लाइन फुटली, वीसहून अधिक माणसं गेली. आतल्या गंजाने नळी पोखरली होती आणि घरं नळीला लागून होती. भिंत पातळ होत जाणं आणि वस्ती दाट होत जाणं या दोन्ही हळू चालणाऱ्या गोष्टी आहेत. रोजच्या रोज बघणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत.

कुठे कोणती नळी पुरली याची नोंद पाइप-बुकात ठेवतात; ते भरायचं काम मला तेव्हा शिक्षा वाटायचं. साधारण बारा मीटरच्या प्रत्येक नळीचा क्रमांक, वितळलेल्या पोलादाच्या ज्या घाण्यातून ती निघाली त्याचा हीट नंबर, जाडी, कोटिंगचा क्रमांक, दोन्ही टोकांच्या वेल्डचे क्रमांक, एक्स-रेचा निकाल. पुन्हा पुढची नळी. मग कुणीतरी मला सॅन ब्रुनोचा चौकशी अहवाल वाचायला दिला. कॅलिफोर्नियातल्या या उपनगरात ९ सप्टेंबर २०१० ला ३० इंची लाइन फुटून आठ माणसं मेली, ३८ घरं जळून गेली. तुकडा १९५६ मध्ये घातलेला. कंपनीच्या नोंदीत ती नळी बिनशिवणीची होती. प्रत्यक्षात तिथे छोटे छोटे तुकडे जोडलेले होते आणि त्यांच्या शिवणीचं वेल्डिंग अर्धवट होतं. अहवालातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट अशी की १९५६ मध्ये ३० इंची बिनशिवणीची नळी बनवणारा मान्यताप्राप्त कारखाना त्या देशात नव्हताच. म्हणजे नोंद नुसती वाचली असती तरी ती खोटी आहे हे कळलं असतं. ५४ वर्षं ती कुणी त्या नजरेने वाचली नाही. त्यानंतर हीट नंबर लिहिताना माझा हात कुरकुरला नाही असं नाही, पण आकडा दोनदा बघायची सवय लागली.

नळी पुरून झाली की तिच्याकडे रोज लक्ष ठेवतो तो लाइन वॉकर, गावातलाच, रोजंदारीवरचा, आणि ज्याच्या शेतातून ती गेली तो शेतकरी. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या पाइपच्या गॅसला जो वास येतो तो शहराच्या वेशीवर मिसळतात. लांब पल्ल्याच्या लाइनमधल्या वायूला बहुधा वासच नसतो. गळती झाली तर उभं पीक एका ठिकाणी पिवळं पडतं, साचलेल्या पाण्यात बुडबुडे येतात, हिसहिस ऐकू येते. हे शेतकऱ्याला कळतं, नियंत्रणकक्षातल्या पडद्याला बऱ्याच उशिरा. तरीही त्याच्या बांधावर उभ्या केलेल्या पिवळ्या फलकावर त्याच्याशी बोलायची भाषा एकच असते : खोदकाम करू नये, आणि एक फोन नंबर. कुठल्या साली, किती घरं गृहीत धरून, किती मिलिमीटरची नळी त्याच्या रानाखाली घातली आहे हे अलाइनमेंट शीटवर लिहिलेलं असतं आणि ते शीट कंपनीच्या कपाटात असतं. सुरक्षेच्या कारणाने सगळं उघड करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण या तुकड्याचा वर्ग कोणता आणि आणखी किती घरांनी तो बदलेल, एवढं तरी ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवानगीच्या वहीत असायला काय हरकत आहे? धाकट्याची खोली मंजूर करताना ग्रामसेवकाने तो आकडा एकने वाढवायचा, आणि कंपनीच्या माणसाने वर्षातून एकदा येऊन वही बघायची. हे मी दोन-तीन बैठकांत बोलून पाहिलं आहे. हे काम कुठल्या खात्याचं, यावर प्रत्येक वेळी चर्चा थांबते.